निर्गंध तेल

मनुष्याच्या देहात एक स्थान असे आहे, की जिथे काळ आत येतो पण बाहेर जात नाही. त्वचा झडते, रक्त पालटते, अस्थीसुद्धा हळूहळू नव्या होतात. परंतु डोळ्यातील भिंगाची गोष्ट निराळी. गर्भात असतानाच त्याचा गाभा तयार होतो, आणि मग आयुष्यभर त्यावर अतिशय पातळ थर चढत राहतात. आतला थर कधी काढला जात नाही, दुरुस्तही होत नाही. ज्या वर्षी जे अन्न पोटात गेले, त्यातील स्निग्ध अंश त्या वर्षीच्या थरात जाऊन बसतो आणि तिथेच राहतो.

ही कथा ज्या काळातील आहे, त्या काळी हे थर वाचणारे यंत्र निघाले होते. डोळ्यात प्रकाशाचा एक मंद किरण सोडावा, तो प्रत्येक थरावरून परतताना आपला रंग किंचित बदलून येई, आणि त्या बदलावरून त्या त्या वर्षी बालकाला कोणती चरबी मिळाली, ताजी की बिघडलेली, हे पडद्यावर वलयांच्या रूपाने उमटे. लोक त्याला वलययंत्र म्हणत. ज्या कामाला अनेक वर्षे स्थिर बुद्धी लागते, असे काम कोणाच्या हाती सोपवण्यापूर्वी त्याची वलये पाहण्याचा प्रघातच पडला होता.

चिपळूणच्या एका नेत्रचिकित्सालयात, अंधार केलेल्या खोलीत, ऋजुताबाई मोने भिंतीलगतच्या खुर्चीवर हात जुळवून बसल्या होत्या. हेदवीहून त्या आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आल्या होत्या. थोरला आरुणि घनपाठी होता. मंत्रातील पदे पुढे, मागे आणि पुन्हा पुढे अशी गुंफून म्हणायची, आणि एक पद निसटले की सारी वीण सुटते, अशी ती विद्या. त्याच्या वृद्ध गुरुजींपाशी वेदाची एक विरळ शाखा समग्र मुखोद्गत होती आणि ती त्यांना आरुणीच्या कंठात ठेवून डोळे मिटायचे होते. पण याआधी ज्या शिष्याला त्यांनी ती दिली, तो आयुष्याच्या ऐन मध्यान्ही सारे विसरून बसला होता. म्हणून पाठशाळेच्या विश्वस्तांनी या वेळी वलयांची अट घातली. वंशातून आलेला दोष कोणता आणि अन्नातून आलेला कोणता, हे निवडण्यासाठी सख्ख्या भावंडाची वलयेही शेजारी ठेवून पाहावी लागत. म्हणून धाकटी ऊर्वी आली होती.

पडद्यावर दोन चकत्या उमटल्या. डॉक्टर समीरा नाखवा यांनी त्या आळीपाळीने दोनदा पाहिल्या.

"मोनेकाकू, दोघं एकाच घरात वाढली ना?"

"हो, एकाच."

"एकाच हातचं जेवण?"

"माझ्याच. दुसरं कोण होतं?"

"मग मला एक कळत नाही." डॉक्टरांनी चकतीच्या मध्यावर बोट ठेवले. "हा जन्माआधीचा भाग. ही पहिली सात वर्षं. दोघांचे थर अगदी सारखे. माशाचं तेल दिलंयत, ताजं, उत्तम. आता इथे या. हे दादांचं आठवं वर्ष. इथून हा तपकिरी पट्टा सुरू होतो, तो पार पंधराव्यापर्यंत. आणि ताईंचे थर बघा. काच आहे नुसती."

आरुणि हसला. "म्हणजे मी नासलेला आणि ही निर्मळ. शाळेत तर मास्तर उलटं सांगायचे."

"तुला ऐकायची सवय नाही ना, म्हणून लागतंय," ऊर्वी म्हणाली. "मला विचार, सवयीनं काही वाटेनासं होतं."

"तेल बंद केलं असतं तर थर पातळ दिसला असता," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या स्वरात विनोदाला जागा नव्हती. "हा जाड आहे. म्हणजे भरपूर दिलंय, रोज दिलंय, आणि बिघडलेलं दिलंय."

"मग? त्याचं काय होतं पुढे?" आरुणीने विचारले.

"मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण त्याच वयात घट्ट होतं, आणि याच चरबीतून होतं. बिघडलेल्या चरबीचं आवरण दिसायला तसंच असतं, कामही देतं. पण चाळिशीच्या सुमारास ते सुटायला लागतं. तुम्ही माणसं ओळखाल, व्यवहार कराल, गाडी चालवाल. पण लांबलचक क्रम धरून ठेवणं..." त्यांनी चकतीवरचे बोट काढून घेतले. "मला विश्वस्तांना खोटं कळवता येणार नाही. आठव्या वर्षी घरात काय बदललं होतं, आठवतंय का कुणाला?"

तिघांनाही आठवत होते. आठव्या वर्षी आरुणीची मुंज झाली होती.

*

मुले लहान होती तेव्हा शाळेच्या वयाच्या प्रत्येक बालकाला माशाचे तेल द्यावे, असे वैद्यकशास्त्राने निःसंदिग्ध सांगितले होते. शैवालापासून काढलेले शाकाहारी तेल मिळत असे, पण त्या वर्षांत शैवालाच्या टाक्यांवर रोग पडून ते बाजारातून नाहीसे झाले. मोन्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. तरी ऋजुताबाईंच्या सासऱ्यांनी शास्त्र पाहून निर्णय दिला होता, की औषधाला दोष नाही. मात्र ते घरात नको, स्वयंपाकघरात तर नकोच.

मार्ग निघाला तो शेजारच्या शेवंती पालशेतकरांमुळे. त्या खारवी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या. त्यांच्या फ्रीजमध्ये नाहीतरी मासळी असेच. तिच्या शेजारी तेलाची छोटी काळी बाटली राहू लागली. बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत तारली या लहान माशाचे तेल काढत, बाटली संपली की शेवंतीकाकू नवी आणत. सकाळी दोन्ही मुले परसातून त्यांच्या मागच्या दारी जात.

"नाक दाबा नि घ्या रे पोरांनो," काकू म्हणत, "तारली काय तुमका खाणार नाय, तुम्हीच तिका खातंव." आणि वर गुळाचा खडा देत.

पुढे आरुणीची मुंज झाली. गळ्यात जानवे आले, ओठांवर गायत्री आली, आजोबांपुढे पहाटेचा पाठ सुरू झाला. त्या पहिल्याच आठवड्यात ऋजुताबाई पाठाच्या वेळी मुलाजवळून गेल्या आणि त्याच्या श्वासाला माशाचा वास आला. ज्या मुखातून मंत्र बाहेर पडायचा, त्या मुखाला हा वास. त्या मुलावर त्यांचा सारा जीव होता; तो बोलू लागला तेव्हापासून, त्याच्या तोंडून एखादा श्लोक अस्खलित निघाला की त्यांना आपले जन्मास येणे सार्थकी लागल्यासारखे वाटे. ऊर्वी होती, गोड होती, परंतु तिच्याकडे पाहून त्यांना असे कधी वाटले नव्हते, आणि का वाटत नाही याचा त्यांनी कधी विचारही केला नव्हता.

त्यांनी शोध घेतला आणि एक परदेशी तेल मागवले. वेलदोड्याच्या अर्काने सुवासिक केलेल्या सोनेरी कॅप्सूल. माशाचा वास म्हणून नाही. मोठी बरणी घेतली, की वर्षभराची चिंता नको.

माशाचे तेल कसे पारखावे, याचे ज्ञान दुर्मिळ नव्हते. ज्या गुणामुळे मेंदूला ते हवेसे असते, त्याच गुणामुळे ते लवकर नासते: त्याच्या रेणूची साखळी जागोजागी वाकलेली, लवचिक असते, आणि प्रत्येक वाकणाशी हवेतला प्राणवायू टपून बसलेला असतो. ऊब आणि उजेड त्याला साहाय्य करतात. म्हणून तेल अलीकडे काढलेले असावे, थोडेच घ्यावे, काळ्या बाटलीत आणि थंडीत ठेवावे, आणि मुख्य म्हणजे त्याचा वास घेऊन पाहावा. ताज्या तेलाला समुद्राचा सौम्य वास येतो. शिळ्या तेलाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र दर्प येतो, आणि तोच झाकण्यासाठी सुगंध घालतात. सुगंध घातलेले, कवचात बंद केलेले तेल आपण होऊन काही सांगत नाही.

ऋजुताबाईंनी वास घेऊन पाहिला. माशाचा वास नव्हता. त्यांच्या दृष्टीने परीक्षा तिथेच संपली.

आणि वास नसल्यामुळे ती बरणी घरात येऊ शकली. काचेची, पारदर्शक, पूर्वेच्या खिडकीत देवघराच्या अलीकडे. पहिले ऊन तिच्यावर पडे आणि आतल्या कॅप्सूल मण्यांसारख्या चमकत. एकदा एक कॅप्सूल फुटून बरणीला दर्प येऊ लागला, तेव्हा त्यांनी ती फुटकी फेकली, बरणी पुसली आणि बाकीच्या कॅप्सूल सुपात पसरून दिवसभर अंगणात उन्हाला घातल्या. उन्हाने पदार्थ शुद्ध होतो, असे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. पापड, कुरडया, गाद्या, सोवळ्याची वस्त्रे, सारेच उन्हाने शुद्ध होत असे.

ऊर्वीची मुंज व्हायची नव्हती. तिच्या श्वासाला कसला वास येतो, याने कोणाचे काही अडत नव्हते. ती एकटीच परसातून जाई, काळ्या बाटलीतले चमचाभर तेल घेई आणि परत येऊन पायरीखाली उभी राही. तिथे तांब्या ठेवलेला असे. मीठ, मग तुळशीचे पान, मग पाणी. "आणखी एक चूळ," आतून आवाज येई. "अजून वास येतोय. दादाचा पाठ चाललाय, लांबूनच ये." थंडीच्या दिवसांत ती तिथे कुडकुडत उभी असे. पाठ संपेपर्यंत तिला आत घेत नसत.

*

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती. आरुणि पुढे बसला होता, पण त्याने आसन फिरवून तोंड मागे केले होते.

"आई, माझ्या मुंजीनंतर तू माझं तेल बदललंस."

"तुझ्या तोंडाला वास नको म्हणून रे. पाठाला बसायचास तू."

"आणि हिचं तेच ठेवलंस."

"हिला कुठे पाठाला बसायचं होतं?"

"म्हणजे माझ्या तोंडाची काळजी," आरुणि शांतपणे म्हणाला, "आणि हिच्या डोक्याची."

ऋजुताबाईंना वाटले, की हा मुलगा थट्टा करतो आहे. नंतर त्यांनी त्याचा चेहरा पाहिला.

"अरे, असं कसं बोलतोस? ते तेल किती लांबून मागवलं होतं. त्यातल्या त्यात उत्तम म्हणून मागवलं. हिचं आपलं बंदरावरचं, शेवंतीच्या मासळीत पडलेलं."

"बंदरावरचं ताजं असतं, हे बंदराशेजारी राहून तुला ठाऊक नव्हतं? तू विदुषी. तुझ्या बापाकडे तू चरकसंहिता शिकलीस. तेलातुपाचे गुणदोष तू मला शिकवलेस. घरातलं तूप दोन महिन्यांचं झालं तर वास घेऊन बाजूला ठेवायचीस, आणि माझ्या बाबतीत बरणी वर्षभर उन्हात?"

तुपाचा त्या वास घेत, कारण तूप त्यांना प्रिय होते. ते तेल त्यांना किळसवाणे वाटे. ते आपले अस्तित्व कळू देत नाही, याहून अधिक त्याच्याकडून त्यांना काही नको होते. हे त्यांना त्या गाडीत प्रथमच उमगले, आणि ते बोलून दाखवण्याजोगे नव्हते.

"माझ्या आयुष्यात दुसरं काय आहे, सांग," आरुणि म्हणाला. "लग्न केलं नाही. दुसरी विद्या शिकलो नाही. गुरुजी वाट बघतायत. आता त्यांना काय सांगू? आईनं मला शोभेला ठेवलं होतं, म्हणून?"

ऊर्वी खिडकीबाहेर पाहत होती. खाडीच्या पाण्यावर ऊन चकाकत होते.

घरी पोचल्यावर आरुणि पडवीतच उभा राहिला. चपला काढल्या नाहीत.

"मला एकदाच खरं सांग, आई. मी रागावणार नाही. तुला ही अधिक आवडायची. माझ्याकडून तुला मंत्र हवे होते, तेवढ्यापुरता मी. जपायची होती ती ही. खरं ना?"

ऋजुताबाई पायरीवर बसल्या. बोलण्याला अनेक वाटा असतात, त्यांच्यापुढे एकच उरली होती, आणि ती मुलीच्या अंगावरून जात होती. त्या क्षणभरच थांबल्या.

"आरुणि, माझा जीव तुझ्यात होता. हिच्यात नव्हता. तुला जे उत्तम ते, हिला जे राहील ते, असंच मी आयुष्यभर केलं. देवाशपथ सांगते."

ऊर्वी दारात उभी होती. तिने ते ऐकले.

आरुणीने मान हलवली. "आज यंत्रानं दाखवल्यावर तुला हे सुचतंय. तेही हिच्या तोंडावर. ही काय म्हणेल याची भीती नाही तुला, कारण हिला खरं ठाऊक आहे."

"मग हिलाच विचार," ऋजुताबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात हुरूप आला होता. या जगात त्यांच्या पक्षपाताला एकच साक्षीदार होता आणि तो समोर उभा होता. "ऊर्वी, अगो सांग त्याला. तुला काय काय भोगावं लागलं ते सांग. मी तुला कशी वागवायचे, सांग."

ऊर्वीने आईकडे पाहिले. मग ती भावाकडे वळली आणि अतिशय मृदू आवाजात बोलली.

"दादा, आई मला रोज शेवंतीकाकूंकडे पाठवायची. पाऊस असो, थंडी असो, एक दिवस चुकू द्यायची नाही. माझं तेल काकूंच्या फ्रीजमध्ये असायचं, काळ्या बाटलीत. संपलं की ताजं. घेऊन आले की आई आतून लक्ष ठेवायची. मी नीट चूळ भरते की नाही, तेसुद्धा बघायची. इतकं बारीक लक्ष तुझ्याकडे नव्हतं तिचं. तुझी बरणी खिडकीत असायची, तू आपला स्वतःच्या हातानं घ्यायचास. मला आज कळलं, आईनं माझ्यासाठी केवढं केलं ते."

यातले एक अक्षरही खोटे नव्हते.

आरुणीने वाकून आईच्या पायांना हात लावला, जसा परक्या घरातून निघताना वडीलधाऱ्यांना लावतात तसा, आणि तो गेला.

*

गुरुजींनी शाखा कोणालाच दिली नाही. योग्य कंठ मिळण्याच्या आधीच त्यांचे देहावसान झाले. आरुणि नगर जिल्ह्यात कोणा नातलगाच्या फळांच्या दुकानात काम पाहू लागला. आईचा फोन तो घेत नसे. ऊर्वीचा घेई. आठवड्यातून एकदा ती पडवीत बसून त्याच्याशी बोले, हसे, त्याची टर उडवी. "काय रे घनपाठी, बोरं पुढून मोजतोस की मागून?" मग क्षणभर ऐकून म्हणे, "आई बरी आहे. हो. नको, देत नाही तिच्याकडे."

ऋजुताबाई आतून ऐकत. बंदराच्या कचेरीचे काम ऊर्वी आता घरूनच करी आणि आईचे सारे निगुतीने पाही. गरम पाणी, पथ्य, औषधे, कशातही उणे नव्हते. शेजारीपाजारी म्हणत, अशी लेक असावी. दिवाळी आली तशी गेली, संक्रांतही गेली. आरुणि आला नाही.

एके दिवशी दुपारी फोन झाल्यावर ऋजुताबाई काठी टेकत पडवीत आल्या आणि लेकीसमोर जमिनीवरच बसल्या.

"ऊर्वी, तू त्याला तसं का सांगितलंस?"

"खोटं काय सांगितलं?"

"खोटं नाही. पण खरं जे होतं ते तुला ठाऊक आहे. त्याला सांग ना. तुझंच ऐकतो तो. सांग, की आईचा जीव तुझ्यावर होता. तो येईल गो. एकदा येऊन जाईल. मला त्याचं तोंड बघायचंय."

ऊर्वीने फोन मांडीवर ठेवला.

"सांगेन," ती म्हणाली. "पण आधी मला सांग. त्याला नको, मला. मी पायरीखाली उभी असायचे तेव्हा तुला काय वाटायचं?"

ऋजुताबाईंचे डोळे उजळले. इतक्या महिन्यांनी दार किलकिले झाले होते, आणि त्यांनी वेळ दवडला नाही.

"काही वाटायचं नाही," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तुझा विचारच यायचा नाही मनात. मी तुला कमी मानलं, ऊर्वी. कायम कमी मानलं. तुझ्यावर माझी माया नव्हती. झालं? आता लाव त्याला. हेच सांग, याच शब्दांत सांग."

आणि त्यांनी लेकीच्या मांडीवरचा फोन उचलून तिच्यापुढे धरला.

ऊर्वीने फोनकडे पाहिले, मग आईच्या उत्सुक, आशेने थरथरणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिले. कदाचित त्या शब्दांच्या मागे एखादा हुंदका येईल, एखादा क्षण तरी त्या अडखळतील, अशी तिची अपेक्षा असावी. तसे काही झाले नव्हते.

"किती पटकन म्हणालीस, आई," ती म्हणाली.

ती उठली, पदर खोचला आणि भाताचे आधण ठेवायला आत गेली. ऋजुताबाई फोन तसाच पुढे धरून बसून राहिल्या.